काकूंचा नवा चोंबू

१३ नोव्हेंबर २००५, रविवार

ही डायरी जानेवारीत मिळाली. बॅटरीच्या दुकानाची आहे, प्रत्येक पानाखाली डिस्टिल्ड वॉटरची जाहिरात. रोज लिहायचं ठरवलं होतं. मग फेब्रुवारीत गोवा झालं, नंतर हैदराबाद, मे महिन्यात श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मे महिन्यातच सुटली. आज पाऊस आहे आणि केबल गेली आहे, म्हणून सुरुवात.

संकल्प: रोज एक पान. तमिळ शिकणे. पोट कमी करणे. एका जागी टिकणे.

सध्याची जागा चेन्नईतलं टी. नगर, बालाजीरावांच्या घराची गच्चीवरची खोली. हे लोक तंजावरचे मराठी. त्यांचं मराठी मला पोथीतलं वाटतं, आणि माझं त्यांना हिंदी. बालाजीराव कषायाच्या बाटल्या भरून विकतात, एन्नोरला शेड आहे. कषाय म्हणजे काढा: सुंठ, मिरी, आवळा, आणखी बरंच. कृती त्यांच्या बायकोची, अन्नपूर्णाकाकूंची. घरी काकू तोच काढा रोज ताजा करतात आणि सगळ्यांना पाजतात. सुनेला तर समोर उभं राहून. श्रीदेवीला पाचवा महिना चालू आहे. नवरा अक्षत अमेरिकेत, ऑनसाइट.

माझं पद असिस्टंट. म्हणजे जे पडेल ते.

डायरी खरी असावी म्हणून एक लिहून ठेवतो. दिवाळीआधी मी काकूंचा चोंबू, म्हणजे काढ्याचा चंबू, वितळवला. चहा करायचा होता. चोंबू गॅसवर ठेवला, पाणी आणायला वळलो, तर बाहेर दोन रिक्षावाल्यांचं भांडण लागलं होतं. परत आलो तेव्हा बर्नरवर चांदीचं थारोळं. इकडे काढा आणि सार कथलाच्या चोंबूत करतात, आणि कथील रिकामं तापलं की मेणासारखं जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकू रागावल्या नाहीत. आईनं लग्नात दिलेला होता, एवढंच म्हणाल्या. नवा कुठून आणायचा ते दुकान सांगितलं. घ्यायच्या आधी कागदावर घासून पाहा, काळी रेघ उठली तर तो घेऊ नोको, असंही म्हणाल्या. दुकान मैलापूरला. वाटेत फूटपाथवर एकजण अगदी तसेच चोंबू विकत होता, उलट जास्तच जड. घेतला. जवळ कागद नव्हता. घासून पाहिलास का विचारल्यावर हो म्हटलं. काकू खूश. विषय संपला.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

अखेर जबाबदारीचं काम. सरकारचा नवा नियम येतोय: जानेवारीपासून परदेशी जाणाऱ्या औषधी मालात शिसं, पारा वगैरे जड धातू नाहीत हे लॅबकडून तपासून घ्यायचं. बालाजीरावांची मलेशियाची ऑर्डर त्यावर अडली आहे. एन्नोरच्या शेडमधून सील केलेली बाटली गिंडीच्या लॅबमध्ये पोचवायची. बालाजीराव म्हणाले, सरळ जायचं, मध्ये कुठं उतरायचं नाही.

उतरलो नसतोच. पण बस एका शूटिंगपाशी अडकली. बसमधून फक्त पाऊस पाडणारा टँकर दिसत होता. खऱ्या पावसात खोटा पाऊस कशाला पाडतात हे बघायला भिंतीवर चढलो. बाटली खिशात होती. उतरताना नव्हती.

घाबरलो. पण डोकं चालवलं. एन्नोर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि घर दोन स्टॉपवर. काढा तोच, कृती तीच, बाईही तीच. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. चोंबूत सकाळचा काढा शिल्लक होता. कपाटातल्या कोऱ्या बाटलीत भरला, मेणबत्तीनं सील केलं आणि वेळेत पोचवली. लॅबच्या कामाक्षी मॅडमनी बाटली उजेडात धरून पाहिली. फार गंभीर बाई. मी हसलो, त्या हसल्या नाहीत.

अडचणीत सुचणं हा माझा खरा गुण आहे. त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही, हा शिक्षणपद्धतीचा दोष.

२६ नोव्हेंबर, शनिवार

रोज लिहायचं राहिलं. पाऊस.

रिपोर्ट आला. शिसं, मर्यादेच्या कितीतरी पट. बालाजीराव खुर्चीत बसले ते चष्मा काढून पुसतच राहिले. मग जडीबुटी पुरवणाऱ्या नारायणस्वामीला फोन करून, तूच काहीतरी मिसळलंस म्हणून ओरडले. वीस वर्षांचा संबंध तोडून टाकला.

मला वाईट वाटलं. शिसं आलं कुठून?

संध्याकाळी

कामाक्षी मॅडमचा फोन आला होता. बालाजीरावांनी स्पीकर लावला. मॅडमनी विचारलं, काढा कसल्या भांड्यात उकळतो? आंबट काढा शिशाच्या भांड्यातलं शिसं ओढून घेतो. बालाजीराव म्हणाले, आमच्याकडे अस्कं, म्हणजे सगळं, स्टेनलेस स्टील आहे. मॅडम म्हणाल्या, तरी शोधा. मोठ्या माणसाला त्रास होतो, पण पोटातल्या बाळाला सगळ्यात जास्त, मेंदूवर परिणाम होतो.

मी काढ्याचा ग्लास हातात धरून ऐकत होतो. अर्धा पिऊन झाला होता.

२७ नोव्हेंबर, रविवार

काकू देवळात गेल्या होत्या तेव्हा चोंबू खोलीत आणला. या ओळीखाली जी काळी रेघ आहे ती पेन्सिलची नाही.

दुसऱ्यांदा घासून पाहिला. पुन्हा उठली.

ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन शिशाची लक्षणं वाचली. थकवा. चिडचिड. बद्धकोष्ठ. कशात लक्ष न लागणं. सगळी आहेत. लक्ष न लागणं तर चौथीपासून आहे. तेव्हापासून कोण पाजत होतं? मग तिथेच चेन्नई ते चिपळूण, म्हणजे माझ्या घरी, किती गाड्या बदलाव्या लागतात ते पाहत बसलो. तासाची वेळ संपली.

बाहेर आल्यावर आठवलं की मी महिनाभर पितोय, पण श्रीदेवी दोन वेळा पिते.

संकल्प: उद्या सांगायचं. सगळं.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

काल सांगणार होतो, पण बालाजीरावांचं डोकं दुखत होतं. अशा माणसाला आणखी त्रास देणं बरं नाही. शिवाय सांगण्यापेक्षा करून दाखवणं मोठं. म्हणून ॲक्शन प्लॅन केला: सकाळी लवकर उठून चोंबूतला सगळा काढा मोरीत ओतला. आज श्रीदेवी सुरक्षित.

काकूंनी रिकामा चोंबू पाहिला आणि त्यांचा चेहरा फुलला. गंधारबाळानं अस्कं पिऊन टाकलं, म्हणाल्या. लगेच दुप्पट केला. मला ताकाच्या मोठ्या ग्लासात दिला आणि समोर उभ्या राहिल्या. पी कण्णा, तुझा रंग उतरलाय.

प्यायलो. काय करणार.

श्रीदेवीलाही दुसरा ग्लास मिळाला, माझ्यामुळे.

१ डिसेंबर, गुरुवार

मैलापूरच्या दुकानातून स्टीलचं सुंदर पातेलं आणलं. काकूंना भेट. काढा यात करा म्हटलं, स्टील आरोग्याला चांगलं, टीव्हीवर सांगतात. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पातेलं हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवलं, अक्षतच्या ट्रॉफीशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

दुपारी श्रीदेवी जिन्यात बसली होती. एकटीच होती. हीच वेळ. मी म्हटलं, वहिनी, काढा फार कडू असतो ना? ती म्हणाली, सवय झाली हो गंधारभाऊ. मग हसून म्हणाली, कषाय प्यायलं की बाळ लाथ मारतं, त्याला आवडतं वाटतं.

मी म्हटलं, वा.

नंतर गच्चीवर जाऊन बराच वेळ पाण्याच्या टाकीमागे बसलो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

३ डिसेंबर, शनिवार

गल्लीत गुडघाभर पाणी. काकू म्हणतात, ओल फार आहे, बाळंतपणाच्या आधीच छातीत कफ नको, आता कषाय तीन वेळा.

तीन वेळा.

नवी योजना, आणि ही अचूक होती. निनावी फोन. माझं नाव येणार नाही, श्रीदेवी वाचेल, नोकरी टिकेल. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून घरी फोन लावला, तोंडावर रुमाल धरला, आवाज जाड केला आणि तमिळमध्ये म्हटलं की तुमच्या घरातला चोंबू वाईट आहे, फेकून द्या. माझं तमिळ बस कंडक्टरांकडून शिकलेलं, त्यामुळे थोडं पुढे सरका, पुढे सरका असंही बोलून गेलो.

काकूंनी शांतपणे ऐकलं. मग मराठीत म्हणाल्या, बाळा, जुन्या चोंबूचं इतकं मनाला लावून घेऊ नोको, माझी आई असती तर तीही रागावली नसती. येताना कढीपत्ता आण.

आणला.

५ डिसेंबर, सोमवार

आनंदाची बातमी. बालाजीरावांनी मला न सांगता स्वतः एन्नोरहून दुसरी बाटली नेऊन दिली होती. रिपोर्ट स्वच्छ. शिसं नाहीच. ऑर्डर वाचली. बालाजीरावांनी नारायणस्वामीला फोन करून माफी मागितली, तोही फोनवर रडला म्हणे. मग त्यांनी लॅबला फोन लावला आणि कामाक्षी मॅडमना वाटेल ते बोलले. तुमचंच यंत्र बिघडलेलं, आमची आठवडाभर झोप उडवली, तुमच्या वरच्यांकडे तक्रार करतो. मॅडम बोलत होत्या, पण बालाजीरावांनी फोन ठेवून दिला.

एकूण माझं गप्प राहणं बरोबर ठरलं. उतावीळपणा केला असता तर उगाच गोंधळ झाला असता. संयम हाही एक गुण आहे.

रात्री जेवताना काकूंनी आनंदानं सगळ्यांना काढा दिला. श्रीदेवीनं एका घोटात संपवला आणि ग्लास पुढे केला. मी तिच्या हाताकडे बघत होतो. मग लक्षात आलं की रिपोर्ट एन्नोरच्या बाटलीचा स्वच्छ आलाय, चोंबूचा नाही.

भूक नाही असं सांगून वर आलो.

७ डिसेंबर, बुधवार, सकाळी

आज. आजच. वाक्य तयार केलंय: काकू, चोंबू मी घासून पाहिला नव्हता, त्यात शिसं आहे, वहिनींना डॉक्टरकडे न्या, रक्त तपासा. चार तुकडे. आरशासमोर म्हणून पाहिलं, दुसऱ्या तुकड्याशी आवाज जातो.

खाली दोनदा गेलो. पहिल्यांदा काकू पूजेला बसल्या होत्या. दुसऱ्यांदा काकू रिकाम्या होत्या, पण त्यांनी विचारलं, काय रे? आणि मी म्हटलं, कढीपत्ता संपला का?

संपला नव्हता.

दुपारी

बॅग भरली. पळून जाण्यासाठी नाही. सांगितल्यावर ते हाकलतील, तेव्हा त्यांना भरायला थांबावं लागू नये म्हणून. सेंट्रलहून मुंबईची गाडी रात्री आहे. संध्याकाळी पाच वाजता सांगायचं, साडेपाचला निघायचं. किंवा साडेपाचला निघून स्टेशनवरून फोन करायचा. फोनवर मी जास्त स्पष्ट बोलतो. फक्त ते आवाज ओळखतात.

संध्याकाळी

पाच वाजून गेले. पाऊस धो धो आहे. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलोय, बॅग मांडीवर आहे, डायरी बॅगेवर ठेवून लिहितोय. पाऊस थांबला की खाली.

बेल वाजली. बालाजीराव दार उघडायला गेले. बाईचा आवाज. ओळखीचा आहे, गंभीर आहे. बालाजीराव आधी मोठ्यानं बोलले, मग आत या म्हणाले.

लॅबच्या कामाक्षी मॅडम. स्वतः, पाण्यातून चालत आल्यात. पहिली बाटली सोबत आणलीय. त्यातला उरलेला काढा तीनदा तपासला, तीनही वेळा शिसं. यंत्र बरोबर आहे, म्हणतायत, तुमची बाटली एन्नोरची नव्हती. कोणी आणली होती?

काकूंनी वर हाक मारली. गंधारबाळा, खाली ये, मॅडम आल्यात, भिजून गेल्यात गं बाई, बसा बसा, गरम कषाय आणते.

मॅडम म्हणाल्या, काही आणू नका. आधी सांगा, या घरात तो काढा रोज कोण पितं?

मग श्रीदेवीचा आवाज आला.

मी, म्हणाली. का?