महाबळेश्वरची दुर्बीण

लोणी, मंगळवार, ४ फेब्रुवारी २००३

महाबळेश्वरला मी दुर्बीण घेतली तेव्हा हे म्हणाले होते, "लहान हाय का तू आता?" आज तिनंच कांद्याचं पाणी वाचवलं. दुपारी चारला लाईट आली, हे विहिरीवर मोटार चालू करून बसले. मी गच्चीवरनं दुर्बीण लावली, तर पाट फुटून पाणी सगळं ओढ्याला चाललेलं. तशीच पळत गेले. दोघांनी मिळून पाट बांधला.

"लई कामाची हाय की दुर्बीण," हे म्हणाले. मग हळूच, "आणखी काय काय दिसतं तिच्यातनं?"

"सगळं," मी म्हटलं.

बोलायला हवं होतं का? गरज नव्हती. महाबळेश्वरच्याच देवळात यांनी विडी सोडायची शपथ घेतली होती. दुर्बिणीत मला आधी विहिरीवरचा धूर दिसला, फुटलेला पाट नंतर. उद्या हेच आपणहून काडेपेटी माझ्या हातात आणून देतील.