पाळीवरचा एअर कमोडोर

हॉस्टेल, नागपूर
बुधवार

प्रिय बाबा,

फोनवर मी दोन शब्द कामाचे बोलाले लागली की तुम्ही "हाव, हाव, बरं" म्हणता अन् फोन मायच्या हातात देऊन अंगणात निघून जाता. कागदाले तसं करता येत नाई, म्हणून लिहून राह्यली. दिनेशची इथी परीक्षा होती, तो शुक्रवारी गावाकडे चालला, त्याच्या हाती पाठवते. चश्मा लावा अन् पहिले एकटे वाचा. मंग मायले वाचून दाखवा. नाई दाखवलं तरी ती तुमच्यापासून काढून घेईनच.

मायनं मले सगळं सांगतलं. मोठं जाळं अंगणात पसरून तुम्ही रोज गाठी मारून राह्यले, अन् सोमवारी तलावात खोल बाजूले तुम्हीच उतरणार म्हणता. दिवाळीनंतर त्याच पाण्यात तुमाले काय झालं ते साऱ्या गावाले माहीत आहे. हृदयाच्या नसेत स्टेंटचा छल्ला टाकल्यावर डॉक्टरनं माझ्यासमोर सांगतलं होतं की थंड पाण्यात उतरायचं नाई, वजन ओढायचं नाई. तुम्ही मान हलवली. मले तेव्हाच समजलं होतं की ही मान डॉक्टरले खुश कराले हलली. पण भांडाले पत्र नाई लिहिलं बाबा. तुमाले एका साहेबाबद्दल सांगायचं आहे. मागच्या आठवड्यात आमच्या एनसीसीच्या कॅम्पले हवाई दलातले एक एअर कमोडोर आले होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात साहेब अन् तुम्ही असे मिसळून गेले की अभ्यासच होत नाई.

मी कशी आहो ते तुमाले माहीत आहे. विमान दिसलं की माझी मान वर जाते अन् ताटातला भात थंड होते. हे कुठून सुरू झालं ते तं तुम्हीच पाह्यलं. वैनगंगेले पूर आला होता, तुम्ही अन् बुधूकाका डोंगा घेऊन खालच्या टोलीतले लोकं काढून राह्यले होते, अन् वरून हेलिकॉप्टर आलं. सारे त्याच्याकडे पाहून हात हलवून राह्यले होते. तुम्ही वर पाहून म्हणाले, "याचं बरं हाय गा, याले चिखल लागत नाई." बुधूकाका एवढे हासले की डोंगा पलटता पलटता राह्यला. मले मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचलं नाई. कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, त्यातून मी साऱ्या रँका पाठ केल्या अन् घरामागच्या सांदवाडीच्या भिंतीवर कोळशानं पट्ट्या काढल्या. माय ओरडली. रंजीता मावशीनं तालुक्याच्या, मूलच्या बाजारात मासोळ्या विकता विकता साऱ्यायले सांगून टाकलं की उमाजीची पोट्टी हवाई सुंदरी होणार. अजूनही मी बाजारात गेली की एखादी बाई विचारतेच, "काय वो आचल, विमानात चाय वाटाले कवा जाशीन?" अन् तुम्ही! मी ग्रुप कॅप्टन होणार म्हणली तं तुम्ही विचारलं होतं, "कबड्डीचा का?"

तं ग्रुप कॅप्टन कबड्डीचा नसते बाबा. त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या राहतात. एअर कमोडोर त्याच्या वरचा. तिथी पोहोचलं की त्या चारही पट्ट्या निघून जातात अन् एकच रुंद पट्टी येते. गाडीवर एक तारा लागते. आर्मीत ज्याले ब्रिगेडियर म्हणतात त्याच्या बरोबरीचा हा. मोठा एअरबेस राहते नं, विमानं, धावपट्टी, रडार, दवाखाना, मेस, एवढी सारी माणसं, हे सगळं त्याच्या हाताखाली राहू शकते. लहानपणी मले वाटे, चार पट्ट्या देऊन एक घेतली, हा काय फायदा झाला?

नावाची पण गंमत आहे. शंभर वर्षांच्या आधी इंग्रजायनं आर्मीचे अन् नेव्हीचे विमानवाले एकत्र करून हवाई दल बनवलं. पहिले रँका आर्मीच्याच चालवल्या. मंग त्यायले वाटलं, आपलं वेगळं घर झालं तं नावं पण वेगळी पायजे. एकोणीसशे एकोणीस साली नवीन नावं काढली, त्यात कमोडोर हे नेव्हीकडून उचललं अन् त्याच्यासमोर एअर लावून दिलं. आता हे ऐका. नेव्हीत कमोडोर हा मुळात पक्का हुद्दाच नव्हता. एखादा मुरलेला कॅप्टन राहे, त्याले म्हणत की आता फक्त तुझ्या जहाजाकडे नको पाहू, ह्या साऱ्या जहाजायकडे पाहा. काम झालं की तो परत कॅप्टन. आपल्या हवाई दलात ही रँक पक्की आहे, पण मुळात गोष्ट हीच. कोणी त्या माणसाचं काही हिसकून घेतलं नाई, फक्त त्याले जास्त दूरवर पाहाले लावलं. हे मी परीक्षेत लिहिलं असतं तं मार्क कापले गेले असते, पण मले असंच समजलं.

कॅम्पात पोरायनं साहेबाले विचारलं की स्पीड किती, लढाऊ विमानात उलटी होते का. मी हात वर केला अन् म्हणली, सर, आता विमान दुसरे नेतात अन् तुम्ही खाली राहता, तं तुमाले वाईट नाई वाटत का? आमचे इन्स्ट्रक्टर माझ्याकडे असे पाहाले लागले जसा मी साहेबाचा पगार विचारला. साहेब मात्र हासले. म्हणाले, "बहुत लगता है बेटा." मंग खुर्चीवर बसून हिंदीत सांगत गेले. ते हेलिकॉप्टर चालवत. पहाडातून बिमार जवान काढून आणाचं काम. बेसचे मुखिया झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एक हेलिकॉप्टर खराब मोसमात गेलं, अन् साहेबाले खाली उभं राहून त्याची वाट पाहा लागली. म्हणे, पाय जमिनीवर टिकत नव्हते, वाटे आपणच गेलो असतो तं बरं झालं असतं. पण खाली राह्यले म्हणून त्यायले दिसलं की ढग दोन्ही बाजूनं जवळ येऊन राह्यले. आत बसलेल्या पोरायले फक्त समोरच्या काचेतलं आभाळ दिसते. साहेबानं रेडिओवरून त्यायले परत बोलावलं. पोरं चिडली, पण परत आली. "मी उडत होतो तवा एकच मशीन घरी आणत होतो, आता सारेच आणतो," असं काहीतरी म्हणाले, अन् छातीवरच्या पंखाच्या बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाले की हे कोणी काढून नाई घेत. मोसम साफ असला तं अजूनही मधूनमधून उडवतात, हात सुटू नये म्हणून.

साहेब बोलून राह्यले होते अन् मले आपल्या तलावाची पाळ दिसून राह्यली होती. रिकामी.

देवानंददादा दिवाळीनंतर त्या दिवशी तुमच्यासोबत पाण्यात होता, त्यानं मले सारं सांगतलं आहे. जाळ्याची उजवी बाजू पाण्यातल्या बाभळीच्या खुंटाले अटकली होती. तुम्ही खोल बाजूले दोर ओढून राह्यले होते. तुमाले वाटलं, मासोळी भरली म्हणून जाळं जड झालं. तुम्ही "चाला रे, आज मरळ हाय" म्हणून ओरडले अन् अजून जोर लावला. सारेच जोर लावून राह्यले, सारेच गळ्यापर्यंत पाण्यात, कोणाले कोणाच्या डोक्याच्या पलीकडचं दिसत नाई. पाळीवर कोणी उभं असतं तं त्या बाजूचे जाळ्याचे तरंगते बुचं पाण्याखाली ओढले गेले ते शेंबड्या पोरालेही दिसलं असतं. मंग कोणीतरी ओरडलं असतं, दोर ढिला सोडा म्हणून. तुमच्या छातीत कळ आली तेव्हाही कोणी पाह्यलं नाई. देवानंददादानं नाक पुसाले मान वळवली अन् त्याले तुमचा फक्त हात दिसला. नाक पुसाले, बाबा.

तुम्ही मायले म्हणाले, "कोरडा राहून हुकूम सोडाले मी का ठेकेदार आहो?" ते मले समजते. मी लहान होती, तरी गुणवंतराव ठेकेदार मले आठवते. तलाव त्याच्याकडे होता तेव्हा पाळीवर प्लास्टिकची खुर्ची, पायात बूट, डोक्यावर छत्री धराले एक माणूस. चांगली रोहू, कतला त्याच्या टेम्पोत जाये अन् तुमच्या टोपल्यात बोटाएवढी मासोळी राहे. तुम्ही लोकायले जमवून सोसायटी उभी केली, तलाव गावाच्या हाती आणला, अन् तेव्हापासून आपल्याकडे रीतच पडली की सोसायटीचा अध्यक्ष सर्वात पहिले ओला होते. कोरड्या कपड्यायवर आपल्या गावात कोणी भरवसा करत नाई. पण तुमाले एक गोष्ट आठवते का? त्याच्या खुर्चीचं तोंड टेम्पोकडे राहे. तलावाकडे त्याची पाठ राहे. तो पाळीवर होता, पण पाहत नव्हता. तुम्ही तिथी उभे राह्यले तं तुमाले ठेकेदार कोण म्हणन? बुधूकाका म्हणतीन थोडे दिवस, मजाक कराले. त्यायले मी पाहून घेईन.

दुसरी गोष्ट तुम्ही मायलेही नाई बोलले. तीपण देवानंददादानंच सांगतली, अन् मीच त्याले शपथ घालून विचारलं, म्हणून त्याच्यावर चिडू नका. खोल बाजूचा दोर आपल्याकडे एकाच घरात राहते. आजोबापासून तो तुमच्या हातात आला. जे घर दोर सोडते त्या घरी तो वापस येत नाई. यंदा तुम्ही नाई उतरले तं तो गोपालकाकाच्या घरी जाईन, त्यायचे दोन पोरं चांगले धट्टेकट्टे आहेत. तुमाले मी एकटी. हे तुम्ही मले जन्मात कधी बोलून नाई दाखवलं. मले कॉन्व्हेंटमध्ये घातलं तेव्हा लोकं विचारत, "पोट्टीले एवढं शिकवून तुझा दोर कोन धरीन गा उमाजी?" तुम्ही म्हणत, "ते इमान उडवन, मी दोर धरतो." सारे हासत, तुम्हीपण हासत. माय म्हणते, हल्ली रात्रीचं जेवण झालं की तुम्ही तो दोर कुशीत घेऊन तेल लावत बसता. तुम्ही हट्टी आहे असं माय म्हणते. मले तसं नाई वाटत. मले वाटते तुम्ही एकटेच तो दोर घरात धरून बसले, अन् आमाले कोणाले मदतीले बोलावलं नाई.

तं मी हे काऊन लिहिलं ते सांगते. मी रविवारी सकाळच्या बसनं येऊन राह्यली, अन् सोमवारी खोल बाजूचा दोर मी धरणार आहो. गोपालकाकाले मी फोन केला होता. पहिले म्हणाले, "बाया जाळ्यात उतरत नाई वो." मी विचारलं, उतरल्या तं मासोळ्या पळून जातात का? मंग म्हणाले, "तुझा बाप हाव म्हनन तं मी कोन नाई म्हनाले? घर तं तेच हाय." देवानंददादा माझ्या बाजूले राहीन. मले पोहता येते, दम पण चांगला आहे, एनसीसीत रोज धावते. पण त्या तलावाचा तळ मले माहीत नाई. खुंट कुठी आहे, गाळ कुठी खचते, पाणी कुठी एकदम खोल जाते, हे तुमच्याशिवाय कोणाले माहीत नाई, अन् माझ्या बाजूले पाण्यात उभे राह्यले तं जाळं कुठी चाललं ते तुमालेही दिसणार नाई. तुम्ही हात वर करान तेव्हा मी थांबीन. खाली करान तेव्हा ओढीन. आता मी असं म्हणलं पायजे की तुम्ही पाळीवर नसान तं मी पाण्यात पाय नाई टाकणार. पण तसं मी म्हणत नाई बाबा. मी उतरणारच आहो. माझ्याकडे पाळीवरून कोण पाहीन, तेवढं तुम्ही ठरवा.

तुमचीच,
आचल