दमट पेटी आणि जवाहरकाका

तीर्थरूप जवाहरकाका यांना,

साताऱ्याहून पुतणी कीर्तीचा जय जिनेंद्र. तुमचा गुडघा, काकूंचं पित्त आणि पलूसची द्राक्षबाग, तिन्ही प्रकृती ठीक असतील असं धरून चालते. माझी विचारू नका. गेल्या महिन्यात तुम्ही आमच्या प्रयोगशाळेत पायधूळ झाडलीत, तेव्हापासून ती बरी नाही.

तुमच्या माहितीसाठी (तेव्हाही सांगत होते, पण तुम्ही बेदाणे वाटण्यात गुंतला होतात): प्रथिनाचा थेंब बारीक जाळीवर ठेवायचा, कागदाने टिपायचा आणि लगेच अतिथंड द्रवात बुडवायचा, म्हणजे त्यातले कण आहेत तसे गोठतात. हे सगळं ज्या काचेच्या पेटीत करतात, ती थेंब वाळू नये म्हणून आतून दमट ठेवतात. मुद्दाम ठेवतात, काका. पण चाळीस वर्षं द्राक्षांवरच्या डाऊनी रोगाच्या धास्तीने दमट हवेला घाबरलेला माणूस गप्प कसा बसणार? मी हातमोजे आणायला वळले, तेवढ्यात तुम्ही दार सताड उघडून खांद्यावरच्या टॉवेलने पेटी आतून पुसूनही घेतलीत. वर मलाच म्हणालात, “आगं, केवढा घाम सुटलाय आत, वारं लागू दे की जरा.” वारं लागलं. महिनाभर खपून केलेलं प्रथिन जाळीवर वाळून गेलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मार्चला फेलोशिप संपतेय आणि पाच वर्षांत एक धड चित्र हाती नाही, हे मी रडवेली होऊन तुम्हाला सांगितलं, ही माझी चूक. सगळे कण एकाच कुशीवर पडतात, आणि चहूबाजूंनी दिसल्याशिवाय त्यांचा आकार कळत नाही, हेही पडद्यावर दाखवलं. तर माझे गाईड रविराज सर (परदेशात शिकलेले) शेजारी उभे असताना तुम्ही सल्ला दिलात, “थेंब नीट पसरत न्हाई तुमचा. पानावर औषध पसराय आमी फवाऱ्याच्या पाण्यात स्टिकर घालतो, तसं साबणासारखं कायतरी घाला की.” सर नुसते हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी पाच वर्षांची विद्या आणि तुमची फवारणी एका पंक्तीला बसवलीत, त्याबद्दल आभारी आहे. यापुढे भेटायचं तर एसटी स्टँडवरच भेटू.

तुमची,
कीर्ती

ता. क. राहवलं नाही म्हणून थेंबात साबणाच्या जातीचं एक द्रव्य अगदी किंचित घातलं. कण सगळ्या कुशींवर वळलेत. प्रबंध मार्चच्या आत होईल. काल पोटभर रडले, आनंदाने.

आणखी एक ता. क. सर तुमचा सल्ला हसण्यावारी नेऊन विसरलेत; ही कल्पना कुठून सुचली, असं त्यांनी विचारलं. तीन आठवडे वाचन केलं, असं मी सांगितलं. त्यांनी भर सभेत माझं कौतुक केलं. आता बेदाण्यांच्या ओढीने सर रविवारी पलूसला येतायत, आणि तुम्हाला तर खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी चतुर्दशी आहे, तुमचा उपास असतोच. या वेळी मौनही धरा.