कापलेल्या फोटोतली सुमी

३ फेब्रुवारी
वहीची माफी मागतो. दिवाळीपासून हात लावला नव्हता. डोळ्याचे ऑपरेशन, मग थंडी. पण आज लिहिले नाही तर डोके फुटेल.
नातीने, रेवाने, मोबाइलवर दाखवले. बायकांच्या भारतीय फुटबॉल टीमच्या इतिहासाचे पुस्तक निघते आहे. जुन्या खेळाडूंची यादी तीनदा वाचून घेतली. आमची सुमी नाही! माझी सख्खी बहीण, देशाकडून परदेशात खेळली, आणि यादीत नाही. रेवा म्हणते, "आजोबा, यार, बीपी वाढेल." वाढू दे.

५ फेब्रु.
पुस्तकवाल्या साहेबाला फोन. "उस ज़माने का रिकॉर्ड नहीं है, अंकल." तेव्हा बायकांची संघटना वेगळी होती म्हणे, कागद कोणी सांभाळले नाहीत. कागद यांनी हरवायचे आणि पुसली जायची सुमी! पुरुषांच्या उतरलेल्या जर्सी मिळायच्या या मुलींना. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईच्या मशीनवर सुमीने सगळ्या उसवून बारीक केल्या. ते कोणी लिहायचे?
फोटो आणा म्हणाला. आहे ना टीमचा फोटो.

९ फेब्रु.
नोएडाहून मेट्रोने साहेबाच्या ऑफिसात गेलो. बीपीची गोळी घरी विसरलो. साहेब तिशीचा. फोटो उलटसुलट केला. "नाम कहाँ हैं? नीचे पट्टी होती है, टीम, साल, सबके नाम. ये तो कटा हुआ है."
म्हटले, चेहरा बघा, पुढच्या रांगेत मधली.
"अंकल, हर हफ़्ते किसी की बहन आ जाती है."
मग मी बरेच बोललो. ते इथे लिहीत नाही. तिथला शिपाई पाणी देऊन मला बाहेर घेऊन आला. मीही जन्मभर शिपाईच, त्याला कळले असावे. हळूच म्हणाला, "बाबूजी, काटा किसने?"
मी मेट्रोची वाट धरली.

१० फेब्रु.
मी कापला. सुमीला बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते. भिंतीवर फोटो, मुली हाफपँटमध्ये. आई म्हणाली, उतरव. मला अभिमान, उतरवायचा नव्हता. म्हणून पुढच्या रांगेच्या कंबरेखाली कापला नि पुन्हा टांगला. गुडघे गेले, सुमीच्या मांडीवरचा चेंडू गेला, नावांची पट्टी गेली. पाहुणे म्हणाले, "कॉलेजचा ग्रुप का?" मी हो म्हणालो.
सुमीला सांगितले, वाळवी लागली. ती फ्रेमकडे बघत राहिली. लग्नानंतर मैदानावर गेली नाही.

१४ फेब्रु.
साहेबाचा मेसेज. महिनाअखेर छपाई. कोणाकडे अख्खा फोटो असेल तर पाठवा. सुमीच्या टीममधल्या बंगालच्या गोलकीपरकडे नक्की असेल, तिचा पत्ता फक्त सुमीकडे. रेवा म्हणते, "सुमीआजीला वाळवीच सांगा ना, बिल्कुल चालेल." नाही चालणार. खरे ते लिहून पुण्याला स्पीड पोस्ट केले.

२१ फेब्रु.
पत्र सोमवारीच पोचले, रेवाने मोबाइलवर दाखवले. उत्तर नाही. सुमी फोन उचलत नाही. आज चार वेळा खाली जाऊन टपालाची पेटी बघितली. इतके दिवस त्या साहेबाच्या नावाने खडे फोडले, पण नावे कापली ती मीच.
सुमे, हवे ते बोल, हवे तर यापुढे दादा म्हणू नकोस. पण त्या गोलकीपरचा पत्ता तेवढा लवकर कळव. महिना संपत आला गं.