गाढवावरचा देव

मेंदे,
द्राक्षतोडणीनंतरची पौर्णिमा

लाडकी तिमारेता,

बाबांचे खूप आशीर्वाद. जावई, छोटी बरी आहेत ना? यंदा द्राक्षं इतकी आली की तुडवून तुडवून अख्ख्या गल्लीचे पाय जांभळे झालेत. आईचे गुडघे दुखतात, तोंड मात्र धडधाकट आहे.

खरी बातमी वेगळीच. नगराच्या नव्या चांदीच्या नाण्याचे ठसे आपल्या घरात कोरले गेले! एकावर गाढवाच्या पाठीवर रेललेला आपला मद्याचा देव दिओनिसोस, हातात प्याला. दुसऱ्यावर घोसांनी लगडलेला वेल. टांकसाळीचे प्रमुख एउथिमोस बघायला आले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"निकांद्रोस, हा देव की दारुडा? अथेन्सवाले म्हणतील, मेंदेच्या देवाला गाढवावर नीट बसताही येत नाही! सिंहासनावर बसवा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

तुझी धाकटी बहीण कसली गप्प बसते!

"काका, प्याला बघा ना," मिर्तो म्हणाली. "गाढव चालतंय, देव आडवा झालाय, पण थेंब तरी सांडलाय? नशा देणारा तो, त्याला कशी चढेल? आणि मागच्या बाजूचा वेल म्हणजेही हा देवच. दरवर्षी आपण त्याला खुडतो, तुडवतो, रांजणात कोंडतो. वसंतात झाकण काढलं की पुन्हा जिवंत! सिंहासनावरच्याला तुडवायची हिंमत आहे कुणाची?"

एउथिमोस ठसा उन्हात धरून बघत राहिले. मग मला म्हणाले, "हात अजून झकास चालतो तुमचा."

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पोरी, तुला कळवायचं टाळत होतो. हिवाळ्यापासून मला दाणे दिसत नाहीत. घोस म्हणजे नुसता ढग.

"हात माझा नाही," मी म्हणालो. "हिचा आहे."

"नगराचं नाणं, आणि पोरीनं कोरलं?"

"देवाला चाललं," तुझी आई आतून ओरडली, "तुमचं काय अडलंय?"

ते खो खो हसले. जाताना मिर्तोला म्हणाले, "पुढचा ठसाही तूच कर."

काल पहिलं नाणं वेदीवर ठेवून त्यावर वाइन ओतली. पुजाऱ्यानं ते ओलंच माझ्या तळहातावर दिलं. अंगठ्यानं चाचपलं, तर दाणा न् दाणा लागला. गाढवाचे कानसुद्धा! भर देवळात मी रडलो, आणि मला लाज वाटली नाही.

तू मात्र माझ्या डोळ्यांसाठी रडू नकोस. अक्षर मिर्तोचं आहे. "माझं कौतुक मी नाही लिहिणार" म्हणून अडून बसली होती. दटावून लिहून घेतलंय.

तुझा, आणि मेंदेची ठसेकार मिर्तो हिचा बाप,
निकांद्रोस