नळीवरचा अंगठा

ता. ३ सप्टेंबर १९६१, आइतवार, वणी

सुनेनं आज माह्या लंब्या बंदुकीच्या खुंटीवर कांद्याची पोतडी टांगली. वर तोंड करून म्हणे, "घरात जागा कुठी हाये, आत्याबाई?" जागा कशी नाही? तिच्या माहेरचं लाकडी कपाट तीन वर्सं झाले रिकामं उभं हाये, त्यात झुरळं संसार करून राह्यले. कांद्याजवळ लोखंड गंजते हे हिले कोण सांगन. पोतडी काढून तिच्या कपाटात ठेवली. नळी पुसली.

॥ श्री ॥ वर लिहाचं राह्यलं. रागात देव मांगं पडला. असो, नमस्कार.

वही नातीची. अर्धी तिनं पाढ्याईनं भरली, अर्धी माह्या कामाले. मले दुसरीतून काढलं होतं, जसं येते तसं लिहिते. मास्तर थोडीच वाचणार हाये.

सात बंदुका झाल्या. लंबी, काळी, बुटकी, बाकीच्याईचे नावं मलेच माहीत. माहा म्हातारा बंदुकीचा मिस्तरी, चाळीस वर्सं नवऱ्याच्या त्या दुकानात लोकाईच्या बंदुका पुसल्या. नळी अन घोडा तो पाहे, कुंदा, म्हणजे मांगचा लाकडी दस्ता, घासणं माह्याकडं. जवसाचं तेल पाजून पाजून कुंदा आरशावानी केला की मालक ये, खांद्यावर टाके, चालला. एकही बंदूक घरात राह्यली नाही. म्हातारा गेला, लायसन माह्या नावावर झालं, तवा पहिली घेतली. वाटलं, ही त कुठी जाणार नाही. मंग दुसरी. मंग थांबता आलं नाही.

आखाडीले देवापुढं कबूल केलं, सात बस. नामदेव, माहा लेक, कचेरीत कारकून, म्हणे, "आई, बायका पातळं जमा करतात. तू हे काय लावलं?" म्हणलं, पातळ फाटते.

ता. १४ सप्टेंबर, बिस्तरवार

लेतू टेकाम आलता. मुकुटबनकडच्या कोलामाच्या पोडावरचा, जंगलातल्या वस्तीवरचा. बारा घरं, सगळ्याईची जवारी हाच राखते. डुकराईले भ्या दाखवाले पोडात बंदूक एकच, याची, बापाच्या वक्ताची, ठासणीची. घोड्याची कमान ढिली झाली म्हणून घेऊन आला.

नळी सुतळीनं टांगून वाजवून पाह्यली. बद वाजली. चिरली असन. त्याले सांगतलं, "बार भरशीन त तोंडावर फुटन." मिस्तरीच्या घरचा शब्द, त्यानं मान हालवली. बंदूक ठेवून गेला. बदल्यात नवा कंदील अन घोंगडी देली. कागदं नामदेव करन.

ही मोजाची नाही. फुटकी हाये.

ता. १५ सप्टेंबर

काल खोटं लिहिलं. वहीपाशी खोटं कायले, ती काय कचेरी हाये?

चांगली नळी टांगून खिळ्यानं मारली की घंटीवानी वाजते, घरभर. चिरलेली असली की फुटक्या गाडग्यावानी. म्हाताऱ्यानं ह्याच आवाजावर जन्म काढला. दोन आवाजं ऐकून तालुक्यातले लोकं बंदूक ठेवत का मोडीत टाकत. त्याच्यावर कोणी दुसरीकडं दाखवाले गेलं नाही.

काल वाजवतानी मी वरून अंगठा टेकवला. थोडासाच. अंगठा टेकला की चांगली नळीबी बद वाजते. कोणाच्या ध्यानात येत नाही.

लेतू समोर उकिडवा बसून होता. म्हणे, "माय, एकडाव अखीन वाजवा." अखीन वाजवली. अंगठा तिथीच.

काहून केलं? तीस वर्सांमांगं हाच कुंदा मी आठ दिवस घासलता, नामदेव पोटात होता तवा. कुंद्यावर बोटभर पितळेची मासोळी हाये. लेतूचा बाप आला अन घेऊन गेला. तवापासून डोळ्यात होती. सरळ मागतली असती त लेतूनं देली नसती.

म्हणून.

ता. २ आक्टोबर

कमान बसवली. अर्ध्या घटकेचं काम होतं. मासोळी चिंचेनं घासली, लखलख करते. रोज उतरवते, रोज टांगते. सुन पाह्यते अन काही बोलत नाही. बोलली असती त बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

ता. १९ आक्टोबर, दसरा

आठही मांडल्या. हळद, कुकू, आपट्याचे पानं. शेजारच्या बाया पाहून गेल्या. एक म्हणे, "आजी, फौज उभी करता का?" म्हणलं, तुह्या नवऱ्यापासून सुरुवात करते.

दुपारी लेतू आला. बजाराले आलता, सोनं द्याले थांबला. पाया पडला अन त्याची नजर मासोळीवर गेली. जाऊन तिच्याही पाया पडला. मंग म्हणे, "माय, फुटक्या बंदुकीचीबी पूजा करता?"

म्हणलं, "फुटक्या माणसाईची करतो का नाही आपण, तेराव्या दिवशी?"

हासला. भोळा नाही तो, त्याचा माह्यावर भरोसा हाये. दोन्हीत फरक हाये.

राखणीचं इचारलं. म्हणे, "टिनाचा डबा वाजवतो. कंदील तुमचा झकास हाये, पण डुकरं शायने झाले. त्याच्याच उजेडात जेवून जातात."

मी हासली. तो गेल्यावर पुरणाची पोळी घेतली, अर्धी ताटातच ठेवली. पुरण कच्चं होतं, सुनेचा हात हाये तो. असं मनाले सांगतलं.

आज तोंडून निघालं असतं. उंबरठ्यापर्यंत आलतं. मंग मासोळीकडं पाह्यलं.

ता. ११ नोव्हेंबर, शनवार

मुकुटबनले जाऊन आली, यष्टीनं. नामदेवले सांगतलं बहिणीकडं जाते. तिथी जंगलाच्या ठेकेदाराची इधवा बाई दुनळी बंदूक इकून राह्यली, असं कानावर आलतं. पाहाले काय जाते?

यष्टीतून उतरली त समोर जंगूबाई. लेतूची बायको. हातात भाकरीचं गाठोडं. "माय, तुमच्याच गावाले चालली, दवाखान्यात." म्हणलं, कोण हाये दवाखान्यात?

लेतू. चार दिवस झाले. जवारीत डुकरं शिरले, हा डबा बडवत गेला. बाकीचे पळाले, एक उभं राह्यलं. हा डबा बडवते, ते पाह्यते. मंग सरळ आंगावर आलं. मांडी उकलली, गुडघ्यापासून वर. बैलबंडीत टाकून आणला. अन पोडाची अर्धी जवारी आडवी झाली, बारा घरची.

सांगतानी रडली नाही. म्हणे, "डबा अजून तिथीच पडला हाये, चेपलेला."

ती वणीच्या यष्टीत बसली. मले तिच्यासंगं बसाचं होतं. यष्टी तीच, तिकीट तेच.

बसली नाही. हे लिहूनच ठेवते. ठेकेदाराच्या बाईकडं गेली. दुनळी हातात घेतली. वजन असं की लेकरू घ्यावं. म्हणलं, बाई, दुसऱ्या कोणाले देऊ नोका, माह्यासाठी ठेवा.

मंग दुसऱ्या यष्टीनं आली.

ता. १३ नोव्हेंबर

दवाखान्यात गेली. संत्रे घेतले चार. लेतू खाटेवर, पाय पट्ट्याईनं गुंडाळलेला, खांबाएवढा. मले पाहून उठाले लागला. म्हणलं, पड मुकाट्यानं.

पाह्यलं त जंगूबाई उभी राह्यली अन तिनं माह्या पायाले हात लावला. मी म्हणलं, हे कायले?

लेतू म्हणे, "माय, तुमच्यामुळं वाचलो. त्या दिवशी ती बंदूक राह्यली असती त म्या बार भरलाच असता. मंग मांडी नाही, मुंडकं गेलं असतं. पोडावर सगळ्याईले सांगतलं, मिस्तरीण मायनं जीव वाचवला."

मी संत्र सोललं. एक फोड त्याले देली, एक जंगूबाईले. फोडीवरचे पांढरे धागे काढत बसली. सगळे काढले. मंग दुसरं सोललं.

चारही सोलून झाले तवा उठली.

ता. २० नोव्हेंबर

काही नाही. दात दुखते.

ता. ३ डिसेंबर, आइतवार

घरी कोणी नव्हतं. मासोळीची नळी काढली, टांगली, वाजवली. अंगठा न लावता. सप्टेंबरपासून एकडावही वाजवली नव्हती. लांबपर्यंत वाजत राह्यली, थांबतच नव्हती.

मांगून सुन म्हणे, "किती गोड वाजते हो, आत्याबाई. हीच का ती फुटकी?"

शांता, माही सुन, दिसते तशी नाही. तिले सगळं समजलं. मंग नामदेवले सांगाच लागलं.

तो जेवता जेवता थांबला. ओरडला असता त मीबी ओरडली असती. हळूच म्हणे, "बाबांच्या नावावर हे केलं तू? त्यांच्या वाजवण्यावर लोकं जीव टाकत." मंग हात धुऊन आला, कारकुनी डोक्यानं बोलला. "कागदं मी उलटे करून देतो. लेतूले म्हण, नवी नळी बसवली, घेऊन जा. तो खुश, तू सुटली. कोणाले समजणार नाही."

शांता म्हणे, "मले समजलं ना." नवऱ्याकडं पाहून बोलली, पण मले बोलली.

ता. ६ डिसेंबर

नवी नळी बसवली म्हणाचं. तीन दिवस हेच घोळून राह्यलं डोक्यात. गोड लागते. तो अखीन पाया पडन. पोडावर अखीन नाव होईन माहं. अन खोट्यावर खोटं, चुलीवर पातेल्यावर दुसरं पातेलं ठेवावं तसं.

ठेकेदाराच्या बाईचा निरोप आला, दुनळी नेता का, का देऊ दुसऱ्याले? निरोप्याले म्हणलं, सांगते. नाही म्हणता आलं नाही. एवढं होऊन नाही म्हणता आलं नाही. भिताडाकडं पाह्यलं त नववी खुंटी कुठी ठोकता येईन तेच डोळ्यानं मोजून राह्यली मी.

ता. २४ डिसेंबर

जंगूबाईनं पोडावरून हुर्डा पाठवला, शेजाऱ्याच्या हाती. जे कणसं उरले होते त्यातला. निरोप, "मायले पहिल्यानं." शांतानं भाजला. सगळ्याईनं खाल्ला. मीबी खाल्ला. चांगला होता.

उष्ट्या हातानंच निरोप पाठवला, लेतूले चालता यायला लागलं की इकडं ये. काम हाये.

ता. २१ जानेवारी १९६२, आइतवार

लेतू आला. काठी टेकत, पाय ओढत. जंगूबाई संगं. ओट्यावर चढतानी मी हात देला, त्यानं घेतला नाही, "चढतो, माय" म्हणे. शांतानं चहा आणला. नामदेव दारात उभा, कोणाच्या मयतीले आल्यावानी.

नामदेवनं सुरुवात केलीच. "लेतू, आईनं तुही बंदूक..." म्हणलं, तू चूप.

नळी आधीच टांगून ठेवली होती. लेतूच्या हातात खिळा देला. म्हणलं, वाजव.

वाजवली. घर भरलं आवाजानं. लेतू पाहूनच राह्यला. मंग हासला. "नवी नळी टाकली, माय?"

तिथी म्हणता आलं असतं. हव, नवी. नामदेवनं श्वास घेतलेला मले ऐकू आला.

म्हणलं, "नाही. तुह्या बापाचीच हाये." अन नळीवर अंगठा टेकवला. म्हणलं, आता मार.

मारलं. खद.

म्हणलं, "असं केलं होतं मी. नळी चांगली होती. मले बंदूक पाह्यजे होती."

जंगूबाईनं चहाचा कप खाली ठेवला, अर्धा पिलेला. लेतूनं माहा हात धरून बाजूले केला. हळूच, पाटावरचं भांडं सरकवावं तसा. वाजवली. मंग स्वताचा अंगठा लावून वाजवली. मंग अखीन मोकळी. चार-पाचडाव. एवढा येळ लावला की चहावर साय आली.

मी म्हणलं, "बंदूक तुही, आजच ने. कागदं नामदेव करून देते. पण ते पुरत नाही हे मले समजते. भिताडावर सात हायेत. पाय तुहा गेला, जवारी पोडाची गेली. काय घ्याचं, कुठी सांगाचं, ठाण्यात का पंचात, ते तू सांग. मी नाही म्हणणार नाही."

लेतूनं भिताडाकडं पाह्यलं नाही. मांडीवर हात ठेवून बसून राह्यला. मंग म्हणे, "इचार करतो." माय म्हणला नाही.

बंदूक न घेता गेला. काठी एका हातात, दुसरा जंगूबाईच्या खांद्यावर. बंदूक घ्याले हातच नव्हता. का घ्याचीच नव्हती, कोण जाणे. मासोळी आता खुंटीवर नाही, दाराशी उभी हाये. जाता-येता पायाले लागते. लागू द्या.

ठेकेदाराच्या बाईले निरोप पाठवला, दुनळी दुसऱ्याले द्या. निरोप्याले परत बोलवाले दोनडाव दारापर्यंत गेली. लाज वाटते, पण लिहिते.

नामदेव म्हणे, मी जातो पोडावर, समजावतो त्याले. शांता म्हणे, मी जंगूबाईशी बोलते. नात म्हणे, आजी, मी चिठ्ठी लिहून देऊ?

कोणी जाणार नाही. कोणी चिठ्ठी लिहिणार नाही. इचारलं ते लेतूले. जवाब लेतूनंच द्याचा, त्याच्या तोंडानं, मग चार दिवस लागो का चार वर्सं. तोवर ती बंदूक दाराशीच राहीन, अन माह्या वतीनं ह्या घरातल्या कोणी तोंड उघडाचं नाही.