बेटावरचा अबोला

रविवार, ६ फेब्रुवारी २०११

पहाटेपासून कानात तोच सूर! चौथीचा वर्ग, सगळे एका चालीत कविता म्हणतोय, आणि मुलींच्या बाकावरून मुक्ताचा आवाज शेवटचा शब्द वर उचलून धरतोय — उतरायलाच तयार नाही. समुद्राची कविता. वर्गातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता!

हे मनात ठेवायचं तर सोसायटीच्या हॉलमध्ये माइकवर बोलून बसलो. आमच्या लग्नाची पन्नाशी. खरी तारीख तेरा, पण मुलाच्या, अनिरुद्धच्या, कंपनीला आजचा रविवार सोयीचा. सूनबाईंनी विचारलं, "बाबा, आयुष्यातला सगळ्यात गोड आवाज कुणाचा?" मी कुठल्या तंद्रीत होतो कोण जाणे. मुक्ताचं सांगितलं. वर चाल लावून दाखवली. टाळ्या पडल्या!

ही पेढ्यांचं ताट खाली ठेवून घरी निघून गेली.

सोमवार, ७

अबोला. आमच्याकडे त्याचा रिवाज पक्का आहे — एकमेकांशी शब्द नाही, तिसऱ्यामार्फत हवं तेवढं बोलावं. जो आधी थेट बोलला, तो हरला. आज कामाच्या सोजरबाई मध्यस्थ.

"सोजरबाई, सांगा त्यांना, चहा गार होतोय."

"बाबा, चा गार व्हतोय."

"आणि म्हणावं, त्या बेटावर मुक्तालाच घेऊन जा."

सोजरबाई हातातलं पातेलं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "ह्ये मी नाय सांगायची बया. ऐकलंय त्यांनी!"

मंगळवार, ८

बेट म्हणजे मालदीवचं. अनिरुद्धची भेट. रात्री हिंजवडीच्या गर्दीतून आंबून आला. त्याला म्हटलं, रद्द कर. "बाबा, नॉन-रिफंडेबल आहे. तिकडे जाऊन भांडा."

गुरुवार, १०

विमानात मध्यस्थ हवाईसुंदरी. मराठी मुलगी निघाली, बरं झालं. "अगं, त्यांना विचार, रक्तदाबाची गोळी घेतली का." तिनं अगदी हसून विचारलं. घेतली नव्हती.

शुक्रवार, ११

काय ते पाणी! एवढा निळा रंग आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी खोटा म्हणून खोडला असता. बेट एवढंसं — या टोकाला शिंकावं, त्या टोकाला "गॉड ब्लेस यू" यावं. आमची खोली पाण्यात, खांबांवर. जमिनीला काच, खाली मासे.

पलंगावर टॉवेलांचे दोन हंस, चोचीला चोच लावून. हिनं दोघांना सोडवलं, चार घड्या घातल्या आणि फळीवर ठेवलं.

मग एकदम उजेड पडला — इथे तिसरं कुणी नाही! माणसं आहेत, नम्र आहेत, पण मराठी एकालाही येत नाही. दिवसभर दोघं काचेखालच्या माशांसारखे गप्प. समोर एवढा समुद्र, आणि "अगं, बघ" म्हणायची सोय नाही.

शनिवार, १२

तिसरं मिळालं! करडा बगळा. सकाळी गॅलरीत येऊन शाळा तपासणीला आल्यासारखा उभा राहिला. ही त्याला म्हणाली, "सांग रे त्यांना, टोपी घाला. टक्कल भाजेल."

मी म्हटलं, "बगळेबुवा, सांगा, टोपी सापडत नाही."

"सांग, बॅगेत आहे. पन्नास वर्षं बॅगेतच असते."

"बुवा, विचारा, अजून किती दिवस —"

बगळा उडाला! काय बेजबाबदार प्राणी. बोलणं तिथंच लटकलं.

दुपारी परत आला. ही आत झोपलेली. मी त्याला समोर बसवून — म्हणजे तो उभाच होता — सांगितलं, "बुवा, मुक्ताचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. त्या वयाचा मीच मला आवडतो, तिचं फक्त निमित्त. आणि हिचा आवाज म्हणाल तर तो मी गोड-कडू असा कधी ऐकलाच नाही. दुसऱ्या खोलीतून येत असला की मी निवांत वाचत बसतो. थांबला की वाचलेलं कळत नाही. सोमवारपासून एक पान पुढे गेलेलं नाही, बुवा."

त्याचं सगळं लक्ष माशात. मागे दार सरकल्यासारखं वाटलं. वारा असेल.

रविवार, १३

जेवण झालं. वामकुक्षी. तेवढ्यात बेल! दीड ते चार बेल वाजवणाऱ्याला बेटावरसुद्धा क्षमा नाही, म्हणून तावातावानं दार उघडलं.

दारात ही. आंबा रंगाची पैठणी, केसात कुठल्याशा परदेशी झाडाचं फूल. माझ्या मागे डोकावून बघत, परक्या बाईसारखी म्हणाली, "इथे एक मुलगा आहे म्हणे. पाहायला आलेय. घरात मोठं कुणी आहे का?"

मी मान हलवली. आत घेतलं. फळीवरचा टॉवेल डोक्यावरून ओढला आणि पलंगाच्या कडेला खाली मान घालून बसलो.

तिनं विचारलं, "नाव काय?"

गॅलरीकडे पाहिलं, बगळेबुवा नव्हते; मग माझं मीच सांगितलं.